बाद झालेला कागद

माझा कागद बाद झाला. हे मला एका पोरीनं तोंडावर सांगितलं, आणि सांगितलं ते बरं केलं.

मी चौथी शिकलेला माणूस. हातात पेन धरलं की कुदळ धरल्यासारखं वाटतं. सजवून लिहिता येत नाही. जे झालं ते सरळ लिहितो.

त्या दिवसांत मी जळगावला लेकीकडे होतो. बायको गेल्यापासून असंच चाललंय. पंधरा दिवस असोद्याला मुलाकडे, आठ दिवस लेकीकडे. दोघांनाही वाटतं म्हातारा दुसऱ्याकडे जास्त रमतो. मी कुठंच रमत नाही, पण ते त्यांना सांगून काय करायचं. जावई कामावर गेला की मी मेहरूणच्या तलावावर जाऊन बसायचो. तिथली बाकडी पाण्याकडे तोंड करून बसवलेली. म्हणून मी रस्त्याच्या बाजूच्या कट्ट्यावर बसायचो. पाण्याकडे पाठ.

तिथं ती पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात चित्रांच्या पाट्यांचा गठ्ठा.

"बाबा, दहा मिनिटं आहेत का?"

"दहा मिनिटंच आहेत. तू काय विकतीस?"

"काही विकत नाही. विद्यापीठातून आले. लोक सुट्टीचं बाहेर फिरायला कुठं जातात आणि ते कसं ठरवतात, त्याचा अभ्यास चाललाय."

"आन मी फिरायला जातच नसलो तर?"

"मग तसं लिहिते. पण कधी तरी गेला असाल ना? बायकोपोरांना घेऊन?"

मी तिला शेजारी बसायला सांगितलं. तिचा दोष नव्हता. तिला काय माहीत.

तिनं पाट्या दोन-दोन करून पुढं ठेवल्या. प्रत्येक पाटीवर एक ठिकाण, आणि खाली बारीक चित्रं: किती लांब, सावली आहे का, प्यायचं पाणी आहे का, गर्दी किती, तिकीट किती, संडास आहे का. दोघांतलं एक निवडायचं. आधी शेत आणि धरणावरची बाग. मी शेतावर बोट ठेवलं. मग बाग आणि सातपुड्यातला धबधबा. मी बाग म्हणालो, गुडघे डोंगर चढू देत नाहीत. मग धबधबा आणि शेत. मी धबधबा म्हणालो.

ती पेन तोंडाला लावून बसली. "बाबा, बागेपेक्षा शेत आवडलं. धबधब्यापेक्षा बाग आवडली. मग शेतापेक्षा धबधबा कसा आवडला?"

"शेतात मी रोज जातो पोरी. भाकरी आवडते म्हनून कोनी भाकरी खायला लग्नाला जातं का?"

ती हसली. खरं हसली, दात दिसले. मग म्हणाली, "हे मी लिहून घेते," आणि लिहिलंही. मला बरं वाटलं. दोन वर्षांत माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. लोक माझ्यापुढं हसायचं टाळतात.

मग तिनं शेवटची जोडी ठेवली.

डावीकडच्या पाटीवर जवळचं ठिकाण. झाड, नळ, संडास, माणसं थोडी. उजवीकडच्या पाटीवर लांबचं. झाड नाही, नळ नाही, संडास नाही. मध्ये पांढरा पट्टा, त्यात निळी रेघ, आणि कोपऱ्यात लाल तिकोन: पाण्यात उतरणं धोक्याचं.

मी उजवीकडं बोट ठेवलं.

"बाबा, नीट बघा. घाई नाही."

"बघितलं."

"हे लांब आहे. सावली नाही. तिकीटही जास्त आहे इथं."

"मले चित्र वाचता येतं."

तिनं कागदावर कोपऱ्यात फुली मारली. हळूच मारली, पण मी शेतकरी माणूस, कोण कुठं काय खूण करतं तिकडं माझं आधी लक्ष जातं. मी विचारलं ही फुली कसली. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "खोटं नाही बोलत बाबा. हा शेवटचा प्रश्न तपासायला असतो. एक ठिकाण सगळ्याच बाबतीत वाईट ठेवतो. विचार करून उत्तर देणारा माणूस ते निवडत नाही. ज्यानं निवडलं, त्याचा कागद मोजणीत धरत नाही."

"म्हनजे माझा बाद."

"बाजूला ठेवते."

"बादच ना?"

"हो."

"बरोबर शे," मी म्हणालो. 'शे' हा माझ्या तोंडचा शब्द नाही. बायकोचा. ती धुळ्याकडची. आमच्याकडं चाळीस वर्षं राहिली तरी 'आहे'ला शे आणि 'सगळ्या'ला बठ्ठा म्हणणं तिचं सुटलं नाही. माझी आई तिला त्यावरून टोमणे मारायची. आता तो शब्द कधी कधी माझ्या तोंडून निघतो आणि मी दचकतो.

पोरगी गठ्ठा गोळा करून दुसऱ्या माणसाकडं गेली. मी तिथंच बसलो. त्या पाटीवरचा पांढरा पट्टा म्हणजे वाळू आणि निळी रेघ म्हणजे गिरणा, असं तिनं काही सांगितलं नव्हतं. ते कुठलंही ठिकाण असेल, नाहीतर कुठलंच नसेल. माझ्या बोटानं मात्र ओळखलं होतं.

आता दोन वर्षांमागचं लिहायला पाहिजे.

आमच्याकडं थंडीत फिरायला जाणं म्हणजे भरीत. असोद्याची वांगी हिरवी-पांढरी, एकेक दोन हातांत धरावं लागतं. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी टाकायची, काळी झाली की सोलून बडजीत ठेचायची. बडजी म्हणजे लाकडाची खोल परात, एका खोडातून कोरलेली. आमची बडजी माझ्या आईची. आत मिरची-लसणानं लाकूड काळं पडलेलं. आणि आमच्या घरात बापापासूनचा एक नियम: वांगं आगीत गेलं की खाल्ल्याशिवाय जागा सोडायची नाही. अर्धं भाजलेलं वांगं घरी आणलं तर हसं होतं. बाप म्हणायचा, ज्याला भूक धरवत नाही त्यानं चूल पेटवू नये.

कुठं जायचं ते ठरवायचीही एक रीत होती. आदल्या संध्याकाळी मी खाटेवर बसणार. सगळे भोवती. मुलगा विचारणार, "आबा, कुठी जायचं?" मी म्हणणार, "तुमचं काय ते सांगा." सगळे म्हणणार, "तुमी म्हनशान तिथं." मग मी सांगणार. बापाच्या वेळी मीही असंच म्हणायचो. याला आम्ही मान म्हणतो.

त्या वर्षी जावयानं जामनेर रस्त्यावरची एक जागा काढली होती. झोपाळे, सावलीला शेड, आयतं भरीत. लेकीच्या मनात तेच होतं. मुलाला आपलं शेत बरं वाटत होतं, घरापासून हाकेवर. हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी दोघंही म्हणाले, तुमी म्हनशान तिथं. बायको वांगी पुसत बसली होती. ती वांग्याकडं बघत म्हणाली, "शेतमा लिंबाखाले गार शे."

मी म्हणालो, "नदीत जाऊ."

गिरणेत माझ्या बापाच्या टरबुजाच्या वाड्या असायच्या. आम्ही तेव्हा काठाच्या गावात राहायचो. उन्हाळाभर वाळूतच झोपायचो. मला मरायच्या आधी पोरांना ती वाळू दाखवायची होती. आता ती वाळू राहिली नव्हती. ट्रॅक्टर लागून लागून नदीचे खड्डे झाले होते, काही माणूसभर, काही दोन माणसं. जाता-येता पुलावरून मी ते पाहिले होते. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

सकाळी टेम्पो केला. जळगाव ओलांडून गेलो. पूल ओलांडून पलीकडच्या गावात चहाला थांबलो. पोरं टेम्पोतच बसली, जावयानं मोबाइलवर गाणी लावलेली. मी आणि बायको खाली उतरलो. तेवढ्यात एक रिक्षा गेली, वर भोंगा. वरच्या धरणातून पाणी सोडलं आहे, नदीपात्रात गुरं-माणसं नेऊ नका.

बायको म्हणाली, "पानी सुटेल शे म्हंतस."

"इथं यायला त्याले दिवस लागतो. सांजेलोग काही येत नही."

बशीतला चहा तिनं अर्धा ठेवला. मी तो पिऊन टाकला.

हे भोंग्याचं मी पंचनाम्यात सांगितलं नाही. मुलाला सांगितलं नाही. लेकीला सांगितलं नाही. गाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं. इथं पहिल्यांदा लिहितो.

नदीत उतरलो. दोन खड्ड्यांच्या मध्ये वाळूचा उंचवटा होता, तिथं बसलो. ऊन चांगलं होतं. काड्या पेटवल्या, वांगी टाकली. बायको चप्पल घालूनच वाळूत बसली. वाळूत आलं की पहिल्यांदा चप्पल काढणारी बाई ती. मी तिला सगळ्यांदेखत म्हणालो, "चप्पल घालून जेवायला बसतीस, पाहुनी आलीस का?" सगळे हसले. तीही हसली. चप्पल काढली नाही.

वांगी निम्मी भाजली असतील. मला वास आला. ओल्या गवताचा, चिखलाचा. कोरड्या नदीत हा वास येत नाही. मी मान वळवली. वरच्या बाजूला वाळूवर काळी रेघ दिसली. ती हलत होती. पुढं फेस, काड्या, प्लास्टिक. आवाज नव्हता. मी लहानपणी पूर पाहिला आहे, तो ओरडत येतो. हे पाणी बोलत नव्हतं. एका खड्ड्यात शिरायचं, तो भरला की पुढच्यात.

बायको उभी राहिली. "उठा. चाला."

"घोट्याभर पानी येईन. वांगी होऊ दे."

हे शब्द माझे. तेच मी अजून ऐकतो, ताटात काही गरम वाढलं की.

पाणी उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी गेलं. मग सगळ्यांनाच कळलं. मुलानं आपली तान्ही पोर उचलली, सुनेचा हात धरला. जावयानं लेकीला धरलं. आलो त्या वाटेनं गेलो, पोटऱ्यांपर्यंत पाणी. अर्धी भाजलेली वांगी मी उपरण्यात बांधून घेतली होती, काठावर पुरी भाजून नियम पाळू म्हणून. काठावर चढलो. सगळे होते. मी मोजलं. सगळे होते.

मी म्हणालो, "बडजी राहिली."

एवढंच. 'आण' म्हणालो नाही. पण चाळीस वर्षांत मला 'आण' म्हणावं लागलं नव्हतं. पाणी राहिलं म्हटलं की पाणी यायचं. टोपी राहिली म्हटलं की टोपी यायची. ती वळली आणि खाली उतरली. पाणी अजून गुडघ्याच्या खालीच होतं. बडजी उंचवट्यावर दिसत होती. ती आलेल्या वाटेनंच गेली, पण वाळूची वाट पाण्याखाली जागेवर राहत नाही. कड सुटली. ती उभीच्या उभी खाली गेली, पायरी चुकल्यासारखी. हात वर आला नाही. मुलानं उडी मारली, जावयानं त्याला कमरेतून ओढून धरलं, नाहीतर दोन गेले असते.

बडजी तरंगत काठाला आली. लाकडाची होती.

पुढचं लिहीत नाही.

तलावावरून मी लेकीच्या घरी आलो ते डोक्यात एकच घेऊन. माझा कागद बाद. मग बाकीच्यांचे? आमच्या घरात माझ्या एका कागदावर सहा माणसं नदीत उतरली होती. त्यांचे कागद कुणी पाहिले होते? त्या पोरीकडं निदान फुली मारायची सोय होती.

आठ दिवसांनी मी असोद्याला होतो. लेक-जावईही आले होते. जेवणं झाली आणि मुलानंच विषय काढला. "आबा, दोन वर्सं झाली. पोरगी आता चालते-बोलते, तिनं भरीताची मजा पाह्यलीच नही. माय असती तं तिनं बसू दिलं नसतं आपल्याले असं. यंदा करू थोडं?"

मी खाटेवर होतो. सगळे भोवती. मला कळलं की आता तो प्रश्न येणार.

"कुठी जायचं, आबा?"

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मीही एक पाटी ठेवून पाहावी. सगळ्याच बाबतीत वाईट अशी. कोण नाही म्हणतं ते पाहावं. एक जण जरी नाही म्हणाला असता, मी उठून शेतात खाट टाकली असती. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की नुसती परीक्षा नव्हती ती. निम्मं मन तिकडं जातच होतं. माणूस जिथं काही टाकून येतो तिथं त्याला परत जावंसं वाटतं. काय उपयोग, ते मन विचारत नाही.

मी म्हणालो, "नदीत जाऊ. त्याच जागी."

सून भांडी उचलत होती, तिच्या हातातलं ताट ताटावर घासलं.

मुलगा खाली बघून म्हणाला, "तुमी म्हनशान तिथं."

जावई म्हणाला, "हो हो. आबांना बरं वाटत असेल तर जाऊ की. त्यात काय."

लेक उठून मोरीकडं गेली. थोड्या वेळानं मी तिच्या मागं गेलो. ती नळ सोडून नुसती उभी होती.

"तुले काय वाटतं?" मी विचारलं.

"माझं काय, आबा. तुम्हाला तिथं बरं वाटेल का?"

"मी तुझं विचारलं."

"तुम्ही म्हणाल तिथं," ती म्हणाली आणि तोंड धुतलं.

तिची आई तिथं बुडालेली. मी रात्रभर तेच धरून बसलो. माझ्या पोरांना मी इतकं चांगलं वळण लावलं होतं की मी विहीर दाखवली असती तरी ती रांगेनं उभी राहिली असती. आणि मला त्यांचा राग येत होता. नाही म्हणा ना रे. एकानं तरी.

रविवारी टेम्पो आला. मुलानं नवी बडजी आणली होती, लाकडाचा ताजा वास येणारी. जुनी त्यानं कुठं टाकली मी विचारलं नाही. जावयानं मोबाइल खिशातून काढला नाही. जळगाव गेलं. पूल आला. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होतो, सगळे मागं. मी कान मागं लावून बसलो होतो. कुणी तरी म्हणेल, थांबवा. नातीनं दोनदा विचारलं, "आबा कुठी जाऱ्हायले?" आणि दोन्ही वेळा कुणी तिला उत्तर दिलं नाही.

चहाच्या टपरीपाशी ड्रायव्हरनं विचारलं, "चहा घ्यायचा का?" मागून कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. टेम्पो पुढं गेला. भोंग्याची रिक्षा त्या दिवशी नव्हती. नव्हती म्हणून मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. ती सकाळी येऊन गेली असेल, किंवा उद्या येणार असेल.

काठावर उतरलो. नदी पांढरी पडलेली, कोरडी. ट्रॅक्टरची चाकं नव्यानं उमटलेली. आधी दोन खड्डे होते तिथं आता पाच-सहा होते, तळाला हिरवं पाणी, त्यावर एक फाटकी गोणी. तो उंचवटा राहिला नव्हता. तोही कुणी तरी उचलून नेला होता. कुठल्या तरी घराच्या भिंतीत असेल.

मुलानं वांग्यांचं पोतं खांद्यावर घेतलं. जावयानं काड्यांचा भारा उतरवला. लेक उतरली आणि टेम्पोची फळी घट्ट धरून उभी राहिली. सगळे माझ्याकडं बघत होते. मी खाली बघत होतो.

"उतर ना," मुलगा सुनेला म्हणाला.

"मी नही उतरत."

"काय?"

"नही उतरत म्हनलं. पोरगी बी नही उतरनार."

"आबा थांबले. चाल, नाटकं करू नको."

"थांबू दे."

"आबांच्या समोर असं बोलतं का कोनी?"

"आबांलेच सांगते," ती म्हणाली. सहा वर्षं झाली तिला आमच्या घरात येऊन. माझ्याशी बोलायची ती भिंतीकडं बघून, पदर सावरून. आता पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिनं तो नीट केला नाही. पोरीला पोटाशी धरलेलं. "आबा, तुमाले बसायचं आसन तं बसा. माझं काही म्हननं नही. मले इथं भ्या वाटते. मी पोरीले घिऊन येष्टीनं घरी जाते."

मुलगा तिच्यावर हात उगारायच्या बेतात होता. जावई दुसरीकडं बघत होता. लेकीनं मात्र वर तिच्याकडं पाहिलं, आणि तिची फळीवरची बोटं सैल झाली.

मी सुनेच्या पायाकडं पाहत होतो. एक पाय टेम्पोच्या कडेला टेकवलेला, पळायला निघाल्यासारखा. चप्पल पायात, अंगठा आवळून धरलेली.

ती चप्पल पाहिली आणि मला दुसरी दिसली. वाळूत बसलेली, जेवायला बसतानाही न काढलेली, जिच्यावर मी सगळ्यांना हसवलं होतं. माझ्या बायकोनं नाही म्हटलं होतं. घरी म्हटलं, लिंबाखाले गार शे. टपरीवर म्हटलं. वाळूत बसल्यावर तोंडानं नाही म्हणता आलं तेव्हा पायानं म्हटलं. तिचे सगळे कागद मी एकामागून एक बाजूला ठेवले होते, हसत हसत, आणि मोजणीत फक्त माझा धरला होता. बाद होता तोच.

"सामान चढवा," मी म्हणालो.

"आबा, तिचं काय ऐकता, ती..."

"वांगी आगीत गेली का?"

"नही."

"मग चढवा."

टेम्पो वळवला तेव्हा मी मागं सुनेशेजारी बसलो. भोंग्याचं सगळ्यांना सांगावं असं तोंडाशी आलं होतं. पूल येईपर्यंत तोंडाशी होतं. नाही सांगितलं. हे लिहिलेलं लेक वाचेल तेव्हा तिला कळेल. मग ती काय करते ते तिनं ठरवावं. माझ्याकडं बघू नये.

शेतात लिंबाखाली पोचायला दुपार झाली. काड्या पेटवल्या. धूर सरळ वर जात होता. लेक माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला विचारलं, "तुले नही म्हनायचं होतं का त्या दिवशी, मोरीपाशी?"

"हो."

"मग म्हनली का नही? मी विचारलं तं होतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं आबा," ती काड्या पुढं सारत म्हणाली. "तुम्ही आधी सांगितलं, मग विचारलं."

जावई मीठ शोधत होता. नात नव्या बडजीत बसून नाव-नाव खेळत होती, ते पाहून मुलानं तिला एकदम उचललं, जरा जोरातच. ती रडली. कुणी समजावलं नाही, सगळ्यांना कळलं होतं.

मी सुनेला जवळ बोलावलं. म्हणालो, पुढच्या वर्षी मी परत नदी म्हनेन. मले माहीत शे. तलावावरची ती पोरगी उद्या तीच दोन चित्रं घेऊन आली तरी माझं बोट उजवीकडंच जाईल. तेव्हा तू उतरू नको.

"बरं," ती म्हणाली. भिंत नव्हती, म्हणून लिंबाच्या खोडाकडं बघून म्हणाली.

मग ती वांगी सोलायला बसली. जमीन कोरडी होती, साफ केलेली, सगळ्यांनी चपला काढून एका बाजूला ठेवल्या होत्या. तिनं चप्पल काढली नव्हती. मी पाहिलं. काही बोललो नाही.